सुपर इन्फ्रामॅन, १९७५ : हाँगकाँगचा कुंग फू विज्ञानपट कोणी पाहिलाय का?

आडवाटेचा प्रेक्षक

मंडळी, ब्रूस ली आणि जॅकी चॅनवर इथे धाग्यांची कमी नाही. पण हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या १९७५ सालच्या 'सुपर इन्फ्रामॅन'वर शोधूनही एक ओळ सापडली नाही. म्हणून म्हटलं, आपणच सुरुवात करावी.

गोष्ट अशी. हिमयुगापासून जमिनीच्या पोटात झोपलेली एक राक्षसी राणी जागी होते आणि हाँगकाँगवर आकाश कोसळतं. शाळेच्या मुलांची बस संकटात सापडते, जमीन हादरते, शहर पेटतं. राणीचा अड्डा डोंगराच्या आत. तिच्या पदरी नाना तऱ्हेचे राक्षस आहेत. कोणी कोळी, कोणी वनस्पती, कोणाच्या हाताला भलंमोठं ड्रिल. शिवाय सांगाड्याची वेशभूषा केलेली भालेकऱ्यांची फौज. तिच्यासमोर उभं राहतं एक विज्ञान केंद्र. तिथले प्राध्यापक लेई मा या तरुण सहकाऱ्याच्या शरीरात यंत्रं बसवतात आणि सूर्याच्या ऊर्जेवर चालणारा, लाल पोशाखातला इन्फ्रामॅन तयार होतो. मग दीड तासाच्या आत सगळा निकाल.

आज हा सिनेमा ओळखला जातो तो 'हसण्यासाठी बघायचा भंगार सिनेमा' म्हणून. त्याच्या तुकड्यांच्या क्लिपा फिरतात, खाली लोक खिदळतात. मला हे मनापासून खटकतं. कारण पडद्यामागची नावं बघा. पटकथा नी कुआंग यांची. हाँगकाँगच्या विज्ञानकथेतलं हे सगळ्यात मोठं नाव. १९६३ पासून 'मिंग पाओ' दैनिकात त्यांच्या वेस्ली या नायकाच्या कथा सुरू झाल्या, आणि सिनेमासाठी त्यांनी तीनशेच्या वर पटकथा लिहिल्या. फाईट मास्टर तांग चिया. दिग्दर्शक चांग चेह यांच्या तलवारपटांपासून शॉच्या कित्येक सिनेमांतली हाणामारी त्यांनी आखलेली. कॅमेरा तादाशी निशिमोतो यांचा. ब्रूस लीचा १९७२चा 'वे ऑफ द ड्रॅगन' याच माणसाने टिपला होता. आणि राक्षसांचे पोशाख आले थेट जपानहून, 'कामेन रायडर' मालिकेचे राक्षस बनवणाऱ्या एकिस प्रॉडक्शन्सकडून.

एवढी माणसं एका कामाला जुंपली जातात तेव्हा ते काम कोणी उरकून टाकायला म्हणून केलेलं नसतं. दिग्दर्शक हुआ शान यांनी हा सिनेमा लहान मुलांसाठी केला आणि मुलांना कमी लेखून केला नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

कंदीलवाला

वा! धागा काढलात ते छान झालं. मी हा पाहिलेला नाही, पण वर्णन वाचून दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' आठवला. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर चपलांची रास पडायची. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा तो मुलगा म्हणजे आमचा देव होता. हा सिनेमा त्याच जातकुळीतला म्हणायचा का? आणि मारामारी खरी आहे की नुसतीच ढकलाढकली?

तिसऱ्या ग्रहावरून

जपानी तोकुसात्सू, म्हणजे रबरी राक्षसांच्या करामतपटांच्या, मालिकांचा मी जुना चाहता आहे, तेव्हा थोडं विरुद्ध बोलतो.

'अल्ट्रामॅन' ही मालिका आली १९६६ साली, 'कामेन रायडर' १९७१ साली. लाल-रुपेरी पोशाख, प्रसंगी डोंगराएवढं होणं, शरीराची ऊर्जा संपत जाणं हे सगळं अल्ट्रामॅनचं. शस्त्रक्रियेने बदललेला माणूस, मोटरसायकली, दर लढाईला नवा राक्षस आणि एकसारख्या कपड्यांतले फुटकळ सैनिक हे कामेन रायडरचं. शॉ कंपनीने दोन्हीकडचं उचलून एकत्र केलं आणि वर 'चिनी सुपरमॅन' असं चिनी नाव ठेवलं. एवढंच नव्हे, पार्श्वसंगीताचे तुकडेसुद्धा 'अल्ट्रासेव्हन' या जपानी मालिकेचे आहेत, तोरू फुयुकी यांच्या संगीतातून घेतलेले. ज्यांनी हे मूळ जग उभारलं त्यांचं श्रेय आधी द्यायला हवं. मला सिनेमा आवडतो, पण 'अभिजात' वगैरे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आडवाटेचा प्रेक्षक

कंदीलवाला, जातकुळी तीच. मारामारी मात्र ढकलाढकलीची अजिबात नाही, त्यावर खाली लिहितो.

तिसऱ्या ग्रहावरून, तुमची यादी बिनचूक आहे आणि त्यातलं काहीच मी नाकारत नाही. संगीताचं तर शॉकडे सर्रास चालायचं. पण कल्पना कुठून आल्या यावर सिनेमा संपत नाही, त्यांचं पडद्यावर काय केलं हेही बघू या.

'कामेन रायडर' ही दर आठवड्याची टीव्ही मालिका, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेली. चौकट लहान, वेळ तोकडा. त्यामुळे तिथे कॅमेरा जवळ जातो, तुकडे पटापट जोडले जातात. ते त्या माध्यमाला शोभतंही. 'इन्फ्रामॅन' ३५ मिलिमीटरवर, शॉस्कोपच्या रुंद पडद्यासाठी केलेला आहे. निशिमोतो यांनी त्या रुंदीचा पुरेपूर उपयोग केलाय. नायक मध्यभागी, डावीकडे दोघं, उजवीकडे तिघं, आणि सगळे डोक्यापासून पायापर्यंत दिसताहेत. लाथ कुठून निघाली, कुठे बसली, पडणारा कुठे पडला हे एकाच शॉटमध्ये कळतं. कुंग फू सिनेमाची ही शिस्त आहे आणि ती रबरी राक्षसांच्या जगात इतक्या काटेकोरपणे पाळलेली मी तरी त्याआधी पाहिलेली नाही.

रंगांचंही तेच. निशिमोतो १९५०च्या दशकात शॉकडे आले आणि त्यांनी तिथल्या लोकांना रंगीत, रुंद पडद्याचं छायाचित्रण शिकवलं. राणीच्या गुहेतले लाल, हिरवे, जांभळे झोत बघा. सेट प्लायवूडचा आहे हे दिसतं, पण तो उजळलाय असा की नजर हलत नाही.

काळही लक्षात घ्या. ब्रूस ली १९७३च्या जुलैमध्ये गेला. रेमंड चाऊ यांनी १९७० मध्ये शॉ सोडून गोल्डन हार्वेस्ट काढली होती आणि ब्रूस लीच्या जोरावर जुन्या मालकांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. त्याच्या मागे सगळीकडे नुसत्या सूडकथांचा पूर आला. शॉ कंपनीचे प्रमुख रन रन शॉ नव्या वाटा धुंडाळत होते. १९७४ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीला जोडीला घेऊन त्यांनी कुंग फू आणि ड्रॅक्युला एकत्र आणले. पुढच्या वर्षी हा.

दंडबैठक

मी कराटे शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. आडवाटेचा प्रेक्षक यांच्याशी सहमत, आणि थोडी भर घालतो.

रबरी पोशाखात लढणं म्हणजे काय याची कल्पना बहुतेकांना नसते. डोळ्यांसमोर बारीक भोकं, बाजूचं काहीच दिसत नाही. श्वास कोंडतो. हातापायांचा घेर वाढलेला, त्यामुळे नेहमीचं अंतर चुकतं. एरवी नाकासमोरून जाणारी लाथ इथे खरोखर थोबाडीत बसू शकते. अशा माणसांना कोलांट्या मारायला लावायचं आणि ताल चुकू द्यायचा नाही, हे काम फाईट मास्टरचं. तांग चिया यांचं शिक्षण पेकिंग ऑपेराच्या परंपरेतलं. तिथे जड पोशाख, पाठीवर झेंडे, चेहऱ्यावर रंगाचा थर घेऊनच लढाया कराव्या लागतात. मला वाटतं त्यामुळेच रबरी कोळी आणि वनस्पती त्यांना जड गेले नाहीत.

एक प्रसंग मुद्दाम बघा. राणीकडे दोन लोखंडी राक्षस आहेत, त्यांची डोकी आणि हात स्प्रिंगवर बसवलेले. डोकं धडापासून सुटून सरळ समोरच्यावर येतं आणि परत जागेवर जाऊन बसतं. आपण सगळे हसतो, हसण्यासारखं आहेच. पण नायकाच्या हालचाली पाहा. तो या जोडीशी अगदी साखळदंड किंवा दोरीचा भाला वापरणाऱ्याशी लढावं तसा लढतो. लांब पल्ल्याचं हत्यार बाहेर गेलं की आत घुसायचं, ते परत फिरायच्या आत वार करायचा, आणि दोघांपैकी एकजण कायम दुसऱ्याच्या आड राहील असं स्वतःला ठेवायचं. आम्ही वर्गात हेच शिकवतो. तांग चिया चमत्कारिक हत्यारांसाठी नावाजलेले होते. इथे त्यांनी राक्षसाच्या अंगालाच हत्यार केलंय.

निळावंती

मला सगळ्यात जास्त आवडली ती राणी. इंग्रजी डबिंगमध्ये तिचं नाव 'प्रिन्सेस ड्रॅगन मॉम' आहे. टेरी लिऊने काय भूमिका केलीय! शिंगांचं शिरस्त्राण, सोनेरी केस, पंज्याला नखं, हातात चाबूक. आजूबाजूला सगळे मुखवट्यांत, चेहरा दिसतोय तो हिचा. त्यामुळे सगळ्या दुष्टपणाचा भार तिच्या डोळ्यांवर आणि मानेच्या झटक्यावर येतो, आणि ती तो पेलते. एकदाही 'हे कसलं पोरकट काम माझ्या वाट्याला आलं' असा भाव दिसत नाही. आपल्याकडे पौराणिक नाटकांत कैकेयी किंवा शूर्पणखा करणाऱ्या जुन्या नट्या अशाच पूर्ण ताकदीने उभ्या राहायच्या.

तिची सेनापतीही बाई आहे, तळहातावर डोळे असलेली. ते डोळे रोखून ती विज्ञान केंद्रातल्या एकाला भुरळ घालते आणि घरभेदी बनवते. म्हणजे शत्रूपक्षात डोकं चालवणाऱ्या दोन्ही बायका. चांगल्यांच्या बाजूला मात्र प्राध्यापकांची मुलगी, जिच्या वाट्याला पळवून नेलं जाणं येतं. हे मला खुपतं. कारण त्याच शॉ कंपनीने १९६६ मध्ये चेंग पेई-पेई या नटीला तलवार देऊन अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर टाकला होता, आणि त्याचाही कॅमेरा निशिमोतो यांचाच. नऊ वर्षांनी मुलींसाठी एवढंच? 'मुलांना कमी लेखलं नाही' या मताशी मी अर्धीच सहमत.

आडवाटेचा प्रेक्षक

निळावंती, मुद्दा अगदी रास्त. माझं वाक्य सिनेमातल्या मारामारीपुरतं खरं आहे, पात्रांच्या बाबतीत तुमचंच बरोबर.

कंदीलवाला

दंडबैठक सर, स्प्रिंगवाल्या राक्षसांचं वाचून आता राहवत नाही, बघणारच. डोंगराएवढा होण्याचं काय प्रकरण आहे? तेही कुंग फूच?

तिसऱ्या ग्रहावरून

कोळ्याशी लढताना होतो. दोघेही अवाढव्य होतात. ते दृश्य मात्र अल्ट्रामॅनच्या लढायांपुढे फिकं आहे. त्या लोकांकडे छोट्या इमारती, वायरी, झाडं बनवून ती नेमकी तुडवायची वर्षांची सवय होती. हाँगकाँगमध्ये ती परंपरा नव्हती.

या निमित्ताने एक माहिती देतो, इथल्या लोकांना आवडेल. १९७४ मध्ये थायलंडच्या चायो प्रॉडक्शन्सने 'अल्ट्रामॅन' बनवणाऱ्या जपानच्या त्सुबुराया कंपनीबरोबर एक सिनेमा केला, त्यात सहा अल्ट्राबंधूंच्या सोबतीला साक्षात हनुमान आहे! देवळातली बुद्धमूर्ती चोरणाऱ्यांच्या हातून एक मुलगा मारला जातो, अल्ट्राची आई त्याला हनुमानाच्या रूपात परत जिवंत करते. थाई रामकियेनमधला पांढराशुभ्र, नाचत लढणारा हनुमान. आपल्याला ओळखीचा मारुतीराया नव्हे, पण उड्डाण तेच. म्हणजे जपानच्या महाकाय नायकाची लाट तेव्हा आशियाभर पसरली होती आणि जो तो देश त्यात आपलं काही मिसळत होता. थायलंडने देव मिसळला, हाँगकाँगने कुंग फू. हे मात्र मला मान्य आहे.

उंबरठा

हनुमानाची माहिती भारीच! वाचनखूण साठवली.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतून थोडं. इथे तो १९७६ मध्ये 'इन्फ्रा-मॅन' नावाने लागला. टीव्हीवर तेव्हा शरीरात यंत्रं बसवलेल्या, म्हणजे बायॉनिक, नायकाची 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' ही मालिका जोरात होती, म्हणून जाहिरातीत 'बायॉनिकच्याही पलीकडचा माणूस' अशी दवंडी पिटली होती.

समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तेव्हा शिकागोच्या वर्तमानपत्रात त्याचं परीक्षण लिहिलं आणि चारपैकी अडीच तारे दिले. शेवटी असंही लिहिलं की असे सिनेमे बनायचे थांबतील तेव्हा जगातला थोडासा उजेड कमी होईल. पुढची गोष्ट मला फार आवडते. १९९९ मध्ये शॉच्याच दुसऱ्या एका सिनेमाचं परीक्षण लिहिताना त्यांनी जुन्या 'इन्फ्रा-मॅन'ची आठवण काढली आणि इतक्या वर्षांत तो आपल्या मनातून गेलेला नाही एवढ्या कारणावरून त्याला अर्धा तारा वाढवून दिला. जगभरचे थोर सिनेमे कोळून प्यायलेला माणूस, पण रबरी राक्षसांच्या सिनेमाला न्याय द्यायला परत आला. नुसती खिल्ली उडवायची असती तर बावीस-तेवीस वर्षांनी कोण आठवण काढतो?

दोन अंकी

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. भाचा आठ वर्षांचा, राक्षसांचं भयंकर वेड. दाखवावा का? आणि कोणत्या भाषेत बघावा?

आडवाटेचा प्रेक्षक

दोन अंकी, खुशाल दाखवा. रक्तपात जवळपास नाही. शेवटी राणी पंखवाल्या राक्षसाच्या रूपात येते, तिचं मुंडकं उडवलं की नवं उगवतं, असा प्रकार आहे. आठ वर्षांचा मुलगा ते बघून टाळ्या पिटेल. पण लहान बहीण वगैरे असेल तर तुम्ही शेजारी बसा.

भाषेचं म्हणाल तर मूळ सिनेमा मँडरीनमध्ये आहे, शॉचे त्या काळचे बहुतेक सिनेमे त्याच भाषेत. इंग्रजी डबिंगमध्ये लेई माचा 'रेमा' होतो. भाच्यासाठी डबिंग ठीक. तुम्ही स्वतः एकदा मँडरीनमध्ये सबटायटल लावून बघा. प्राध्यापक झालेले वांग शिये यांचा आवाज गंभीर आणि धीराचा आहे. ते शस्त्रक्रियेचे धोके समजावून सांगतात आणि लेई मा जराही आढेवेढे न घेता तयार होतो, तो प्रसंग मूळ भाषेत चांगलाच भिडतो.

प्रिंटबद्दल एक सांगतो, ते महत्त्वाचं आहे. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेली प्रत टाळा. तिच्यात रुंद पडद्याच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात, म्हणजे वर ज्या शॉट्सचं मी कौतुक केलं त्यातले निम्मे लढणारे चौकटीबाहेर. शॉच्या साडेसातशेहून अधिक सिनेमांचे हक्क सेलेस्टियल पिक्चर्सने घेतले आणि २००० नंतर ते स्वच्छ करून बाजारात आणले. तीच प्रत बघा. माझ्या मते या सिनेमाची जी टिंगल झाली, त्यातली निम्मी त्या कापलेल्या, विटलेल्या कॅसेटींमुळे झाली.

दंडबैठक

लेई मा झालेला डॅनी ली पुढे मोठा झाला, हे सांगायचं राहिलंच. हा सिनेमा केला तेव्हा तो तेवीसच्या आसपास होता. नंतर पोलिसांच्या भूमिका त्याने इतक्या केल्या की हाँगकाँगमध्ये पोलीस म्हटलं की त्याचा चेहरा आठवावा. जॉन वू यांच्या १९८९च्या 'द किलर'मधला चाऊ युन-फॅटच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर तोच. आणि केंद्रातल्या सहकाऱ्यांत ब्रूस ले आहे, जो पुढे ब्रूस लीची नक्कल करणाऱ्यांच्या लाटेत आघाडीवर होता. त्याच्या लाथा इथेच बघून घ्या, नकलेचं ओझं नसताना त्या जास्त मोकळ्या आहेत.

काकडआरती

न्यूजर्सीकर, ईबर्टनी १९९९ मध्ये ज्याचं परीक्षण लिहिलं तो शॉचा दुसरा सिनेमा म्हणजे १९७७चा 'मायटी पेकिंग मॅन' ना? त्याचं बरंचसं चित्रीकरण आपल्या शेजारी कर्नाटकात, म्हैसूर भागात झालेलं आहे. दिग्दर्शक हो मेंग-हुआ, नायक परत डॅनी ली. भारताच्या जंगलातून महाकाय वानर धरून हाँगकाँगला नेतात आणि तो तिथल्या गोल खिडक्यांच्या कॉनॉट सेंटरवर चढतो. वानराची करामत सादामासा अरिकावा यांची, जे 'गॉडझिला'च्या चमूत एइजी त्सुबुराया यांच्या हाताखाली तयार झालेले.

तिसऱ्या ग्रहावरून

हो, तोच. अमेरिकी दिग्दर्शक टॅरेंटिनोने तो अमेरिकेत परत थिएटरात लावला तेव्हाचं परीक्षण. त्यातल्या हत्तींच्या दृश्यांसाठी तरी बघाच.

आडवाटेचा प्रेक्षक, संगीताच्या उचलेगिरीबद्दल माझा राग कायम आहे. पण दंडबैठक यांनी लिहिलं ते वाचून स्प्रिंगवाल्या राक्षसांची लढाई काल रात्री पूर्ण रुंदीच्या प्रतीत परत लावली. दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या आड ठेवण्याची युक्ती स्पष्ट दिसते, निदान दोन ठिकाणी. जपानी मालिकांत इतकी विचारपूर्वक मांडलेली झुंज मला चटकन आठवत नाही. आठवली की इथेच लिहीन.